मागच्या सीटची कैफियत

स्कूटरच्या मागच्या स्प्रिंगविषयी बायकांनी बोलू नये असा एक अलिखित नियम आहे. स्प्रिंग, शॉकअप, बुश, पाना, ग्रीस ही सगळी पुरुषांच्या राज्यातली खाती. त्या राज्यात आम्हाला प्रवेश मिळतो तो फक्त सीटवर, आणि तोही मागच्या. तरी मी आज लिहायला बसले आहे. कारण वेंगुर्ल्याच्या रस्त्यांचा जेवढा अनुभव माझ्या पाठीच्या कण्याला आहे, तेवढा कुठल्याही इंजिनियरच्या डोक्याला असेल असे मला वाटत नाही. आमच्या ह्यांनी १९८४ साली चेतक घेतली. नंबर लावून, वाट बघून, हार घालून, नारळ फोडून. तेव्हापासून मी मागे बसते आहे. पुढे चेतक गेली, बिनगियरची स्कूटर आली, हँडल धरणाऱ्याच्या डोक्यावरचे केस गेले. मागचा ऐवज मात्र तोच आहे, आणि त्याच्या वतीने ही फिर्याद आहे.

फिर्याद रस्त्यांविरुद्ध नाही. रस्त्यांविरुद्ध सगळेच लिहितात, आणि रस्ते काही वाचत नाहीत. माझी फिर्याद आहे गाडीचे मागचे अंग 'कडक' करून घेण्याच्या वेडाविरुद्ध.

हे वेड आमच्याकडे हंगामी आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की डांबर हळूहळू जमीन सोडते. आषाढात खडी उघडी पडते. श्रावणात खड्ड्यांना आकार येतो, आणि चतुर्थीला मुंबईकर चाकरमानी येतात तोपर्यंत एकेक खड्डा चांगला नांदता झालेला असतो. नेमक्या ह्याच वेळी गॅरेजसमोर रांग लागते. मोटारसायकलवाले, स्कूटरवाले, रिक्षावाले, सगळ्यांची मागणी एकच. मिस्त्री, मागची बाजू जरा कडक करून द्या. खड्ड्यात बसते.

आमचे मिस्त्री माणूस लाखातला. हात सोन्याचा, तोंड पानाचे. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या स्कूटरची स्प्रिंग काढली, खाली कुठल्याशा पाइपाचा दोन बोटे तुकडा कापून पॅकिंग म्हणून घातला, समायोजनाचे कडे शेवटच्या खाचेत नेऊन बसवले आणि फडक्याला हात पुसत मला म्हणाले, "वैनी, आता खड्डो इलो तरी गाडयेक कळाचां नाय."

मी म्हटलं, "गाडयेक नाय कळाचां, पण माका कळतला त्याचां काय?"

मिस्त्री हसले. हे हसले. गॅरेजमध्ये चहा पीत बसलेले दोन परके इसमही हसले. माझा प्रश्न विनोद म्हणून दफ्तरी दाखल झाला. परंतु तो विनोद नव्हता. ह्या साऱ्या प्रकरणातला तो एकुलता एक शास्त्रीय प्रश्न होता, आणि तो मी पुन्हा एकदा विचारणार आहे. खड्ड्याचा हिसका गाडीला कळला नाही, तर तो गेला कुठे?

हिसका ही वस्तू सरकारी फायलीसारखी असते. ती नाहीशी होत नाही, फक्त पुढच्या टेबलावर जाते. चाक उंचवट्यावर चढले की वर उसळते. स्प्रिंग ते उसळणे आपल्या पोटात घेते, म्हणजे दबते. मग ती परत उलगडू लागते आणि तिच्या मनासारखे होऊ दिले तर बराच वेळ वरखाली नाचत राहील. ते नाचणे थांबवायला आत तेलाची नळी असते. तेल बारीक भोकांतून इकडून तिकडे जाताना अडते, तापते आणि नाच मरतो. म्हणजे खाणारी ती स्प्रिंग आणि पचवणारे ते तेल. आता तुम्ही स्प्रिंगलाच सांगितले की बाई गं, तू दबायचे नाहीस, ताठ उभी राहा, तर ती हिसका खाणार नाही. मग तो वरच्या टेबलावर जातो. वरच्या टेबलावर मी बसलेली असते.

आणि तिथून पुढे टेबल नाही.

माणसाच्या पाठीच्या कण्यात मणके ३३ आणि त्यांच्यामधल्या मऊ चकत्या २३. म्हणजे देवाने प्रत्येकाला २३ शॉकअप बसवूनच पाठवलेले आहे. त्यांना कडे नाही, खाचा नाहीत, तेल बदलता येत नाही आणि दाभोली नाक्यावर त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. गाडीच्या शॉकअपचे आयुष्य वाढावे म्हणून माझे २३ वापरण्याचा हा जो व्यवहार आहे, तो मला विचारून ठरलेला नाही.

ह्यांचे म्हणणे असे की तू उगाच बाऊ करतेस, मीही त्याच गाडीवर असतो, मला काही होत नाही. बरोबर आहे, होत नाहीच. ह्याची कारणे मी चाळीस वर्षे मागे बसून शोधून काढली आहेत. पुढच्याला खड्डा दिसतो. दिसला की त्याचे हात आपोआप ताठरतात, पायांवर भार येतो, बूड सीटवरून अर्धा इंच सुटते. मला काय दिसते? ह्यांच्या शर्टाची पाठ. उभादांड्याहून बंदरापर्यंत, मोचेमाडच्या चढणीपासून शिरोड्यापर्यंत, लोक समुद्र बघतात, माडाच्या राया बघतात, पर्यटक तर गाडी थांबवून फोटो काढतात. मी टेरिकॉट बघते. शर्ट बदलतात, देखावा तोच. शिवाय पुढचा बसतो दोन चाकांच्या मधे, आणि मी बसते जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. सीसॉच्या मधोमध बसलेल्या पोराला आणि टोकाला बसलेल्या पोराला झोका सारखाच लागतो, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आमच्याकडच्या एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून सावंतवाडी गाठावी. तो बाक तर मागच्या चाकांच्याही मागे असतो. पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाला जो खड्डा वाटतो, तो शेवटच्या बाकावरच्या माणसाला छप्पर वाटतो.

त्यात आम्ही बायका एका बाजूला पाय सोडून बसणार. साडी, हातात पिशवी, पिशवीत अंडी किंवा बांगडे, मांडीवर नाहीतर खांद्याला एखादे नातवंड. एक हात ह्यांच्या खांद्यावर, दुसरा मागच्या दांडीवर. ही दांडी, पाय ठेवायची पट्टी आणि चाकात साडी जाऊ नये म्हणून लावायची जाळी, ह्या तिन्ही गोष्टी मागच्या प्रवाशाचा हक्क आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतला १२३ क्रमांकाचा नियम त्यासाठीच आहे. चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे असे तो सांगतो. आता तुम्ही संध्याकाळी बंदराकडे फिरायला जाणाऱ्या तरुण मंडळींच्या मोटारसायकली बघा. जाळी बरी दिसत नाही म्हणून काढलेली. दांडी जुनाट दिसते म्हणून काढलेली. आणि शॉकअपखाली पट्टी लावून मागची बाजू टोळासारखी वर उचललेली. चाकाच्या मालकिणीसाठी जे जे होते ते गेले, आणि जे आले ते सगळे चाकाच्या शोभेसाठी.

ह्या उचललेल्या मागच्या बाजूविषयी चार शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मागची बाजू उचलली की पुढची आपोआप वाकते. मग दिव्याचा झोत रस्त्यावर पडायच्या ऐवजी पुढच्या मडगार्डाच्या पायाशी पडतो. गाडी मधल्या स्टँडवर लावली की मागचे चाक जमिनीला टेकते आणि वारा आला तरी गाडी झुलते. बाजूच्या स्टँडवर लावली तर कलंडायला येते. सीट इतकी उंच होते की माझ्या वयाच्या बाईला चढायला पायरीचा दगड लागतो. आमच्या शेजारच्या मुलाने त्याची आई चढावी म्हणून अंगणात एक चिरा ठेवला आहे. घरून निघताना तिची सोय झाली. बाजारातून परत येताना ती काय करते, हे त्याने अजून विचारलेले नाही. ती चालत येते.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही एकच बाजू सांगता. गाडीवर नवरा, बायको, दोन मुले आणि वर गॅसचा सिलिंडर असला तर मऊ स्प्रिंग बसणारच. सायलेन्सर घासतो. टायर मडगार्डला लागतो. स्प्रिंग पार तळाला गेली की जो 'ठण्ण' आवाज येतो तो कडक स्प्रिंगच्या दहा हिसक्यांपेक्षा वाईट असतो. मान्य. हे सारे खरे आहे आणि मी ते ऐकलेलेही आहे, सीटवर बसून. ओझे जास्त तर स्प्रिंग ताकदीची हवी, ह्याला माझी ना नाही. माझी हरकत आहे ती 'योग्य' ह्या शब्दाच्या जागी 'कडक' हा शब्द येऊन बसला त्याला. जावई योग्य असावा, कडक असून चालत नाही.

आणि कडे फिरवले म्हणजे स्प्रिंग कडक होते, हाही एक गैरसमजच. मोटारसायकलींना सहसा पाच खाचा असतात, आमच्या स्कूटरला तीन आहेत. ते कडे वर नेले की स्प्रिंगचा पोलाद बदलत नाही. तिला आधीच थोडी दाबून ठेवतात, एवढेच. त्यामुळे बसल्यावर गाडी कमी खचते आणि खाली दबायला जास्त जागा उरते. दोघे बसणार असाल तर कडे वर घ्या, एकटे जाणार असाल तर खाली घ्या, म्हणून ती सोय केलेली असते. गंमत अशी की वर घेतलेले कडे खाली घेतलेला पुरुष मी अजून पाहिलेला नाही. तो त्याला पराभव समजतो. मग ते गंजते, चिकटते आणि घराण्याचा वारसा होऊन राहते.

काही शहाणे आणखी एक करतात. नळीत जाड तेल भरून घेतात. म्हणे उसळी मरते. मरते खरी, पण एका खड्ड्यापुरती. आमच्याकडे खड्डा एकटा कधी येतो? तो सहकुटुंब येतो. पहिल्या खड्ड्यात दबलेली स्प्रिंग जाड तेलामुळे उलगडायच्या आत दुसरा खड्डा येतो, ती आणखी दबते, मग तिसरा. चौथ्या खड्ड्याला स्प्रिंग शिल्लकच नसते, लोखंडाच्या नुसत्या कांबीवर बसल्यासारखे होते.

बसलेल्या माणसाचे शरीर कुठल्या हिसक्याला सगळ्यात जास्त कंटाळते ह्याचाही अभ्यास झालेला आहे. सेकंदाला चार ते आठ वेळा वरखाली होणे हे पोटाला आणि पाठीला सर्वांत वाईट. चांगली मोटार सेकंदाला एखाद-दीड वेळा झुलते, पाळण्यासारखी, म्हणून तीत झोप येते. स्प्रिंग जितकी ताठ, तितके झुलणे भरभर. म्हणजे मिस्त्री जसजसा पाना फिरवतात, तसतशी आमची स्कूटर पाळण्याकडून जात्याकडे सरकत जाते.

आमच्या पूर्वजांना हे पाना न फिरवता कळत होते. वेंगुर्ले बंदरात उतरलेले गोरे साहेब आंबोलीच्या वाटेने बेळगावच्या छावणीला जात, तेव्हा त्यांच्या मडमांसाठी मेणे असत. मेण्याला बांबू असतो, बांबू लवतो, आणि खाली चार माणसांचे मिळून आठ गुडघे. खड्डा आला की गुडघा वाकतो, चढ आला की पुढचे खांदा खाली घेतात. असला शॉकअप जगात पुन्हा झाला नाही. त्या भोयांचे गुडघे पन्नाशीत कसे असत ते कोणी लिहून ठेवलेले नाही, तेव्हा मेण्याची फार स्तुती करणेही बरे नव्हे. तिथेही हिसका पुढच्या टेबलावरच गेला होता, फक्त ते टेबल खाली होते.

इतके सगळे सांगूनही ह्यांना पटले नाही. पटले ते परदेशातून आल्यावर. आमचा एक भाचा कॅनडात असतो. तिथे बर्फावर चालवायची एक गाडी मिळते, स्नोमोबील म्हणून. वेंगुर्ल्यात बर्फ म्हणजे बंदरावर पेट्यांत सुरमईच्या अंगावर घालतात तो. त्यावर गाडी चालवायची कल्पना माझ्या डोक्यात नीट बसेना. भाच्याने फोटो पाठवले. पुढे दोन पट्ट्या, मागे चाकाच्या जागी रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या पोटात दोन शॉकअप. एकाच वाटेवरून गाड्या जाऊन जाऊन बर्फाचे उंचवटे तयार होतात, एकामागून एक, आमच्या रस्त्यांसारखेच. ते झेपावेत म्हणून हा थंडीच्या आधी दोन रविवार गॅरेजात बसून मागच्या स्प्रिंगा बदलतो. हे एकदम खूश. म्हणाले, "बघ, कॅनडातसुद्धा कडक करतात."

मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, तू नक्की काय करतोस ते सांग, मामांना ऐकू दे. तो म्हणाला, मामी, पहिल्यांदा मी गाडीवर बसतो, हेल्मेट, बूट, सगळे कपडे घालून, आणि माझ्या वजनाने मागची बाजू किती खचते ते बायको पट्टीने मोजते. फार खचली तर स्प्रिंग ताकदीची, कमी खचली तर मऊ. अजिबात खचली नाही तर ती गाडी उंचवट्यावर घोड्यासारखी लाथ मारते. आणि मग दबायला जागा भरपूर हवी, माझ्या गाडीला फूटभर आहे.

फूटभर! आमच्या स्कूटरच्या मागच्या चाकाला मोजून चार बोटे. फूटभर जागा असलेला माणूस आधी मऊपणाचा हिशेब मांडतो, आणि चार बोटेवाला आपली चारची दोन करून घेतो.

भाच्याने बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी मुद्दाम नंतर तपासून घेतली. ह्या बर्फावरच्या गाड्यांचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात तो क्युबेक प्रांतातला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए. खेड्यातला गॅरेजवाला, आमच्या मिस्त्रींच्याच जातकुळीतला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद. दवाखान्यात नेता आले नाही आणि मूल गेले. त्यानंतर बर्फावर चालणाऱ्या गाडीचा त्याचा जुना ध्यास आणखी पेटला. १९३७ साली पट्ट्याचे पेटंट मिळाले, आणि आज लोक मौजेला उडवतात ती छोटी गाडी त्याने १९५९ साली बाजारात आणली. एका न पोचलेल्या आजारी पोरासाठी पेटलेला माणूस तो. त्याचा ध्यास पेटला होता तो मागे निजलेल्यासाठी.

आमच्याकडे मागे निजलेले कोण असते? बाळंतपणाला निघालेली बाई रिक्षात मागे असते. मोतीबिंदू काढून आलेली आजी मागे असते. डायलिसिस करून परतणारा मागे असतो. मासळीवाल्या मावशा टोपल्या घेऊन मागे असतात. हँडल धरणारा बहुतेक वेळा धडधाकट असतो, कारण धडधाकट नसला तर तो मागे बसतो. आणि गाडीची मागची बाजू कशी असावी हे ठरवताना मत फक्त पुढच्याचे घेतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या जवळच्या वाडीतली अंगणवाडीची मदतनीस दिराच्या मोटारसायकलवरून बाजाराला चालली होती. दिराने आठवड्यापूर्वीच शॉकअप कडक करून घेतलेले. वाटेत एक गतिरोधक, रातोरात उगवलेला, ना पट्टे ना पाटी. गाडी उडाली, आणि गाडी खाली आली तेव्हा ती बाई गाडीवर नव्हती. दिराला हे पुढच्या वळणावर कळले. बोलत होता तिच्याशी. उत्तर येईना म्हणून त्याने मान वळवली. तिला गोव्याला बांबोळीला न्यावे लागले. जगली. पण उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि मुलांची गाणी घेताना सूर चुकतो म्हणून आता ती नुसता खाऊ वाटते. कागदोपत्री कारण लिहिले गेले, चालकाचे नियंत्रण सुटले. गतिरोधकाचे नाव कुठेही नाही. स्प्रिंगचे तर नाहीच.

मी त्या गतिरोधकाविषयी अर्ज केला. एका कचेरीने सांगितले रस्ता आमचा नाही. दुसरीने सांगितले रस्ता आमचा आहे, पण उंचवटा आमचा नाही. म्हणजे तो स्वयंभू निघाला. कोकणात स्वयंभू स्थाने पुष्कळ आहेत, त्यात एकाची भर.

वास्तविक गतिरोधक कसा असावा ह्याचे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच मार्गदर्शन छापून ठेवले आहे. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. म्हणजे वीतभरही उंच नाही, आणि रुंदीला एका बाईने पदर पसरून निवांत झोपावे एवढा ऐसपैस. ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून होडीसारखी चढून उतरली पाहिजे. आमचा स्वयंभू उंचीला ह्यापेक्षा जास्त आणि रुंदीला हातभर. त्याला गतिरोधक म्हणणे म्हणजे विळीला उशी म्हणणे. त्यावरून जायला जगातली कुठलीही स्प्रिंग पुरी पडणार नाही, मग ती कडक असो, मऊ असो की कॅनडाची असो. तिथे एकच उपाय, वेग कमी करणे. वेग निम्मा केला की हिसक्याचा जोर चौथाईवर येतो, आणि ह्याला मिस्त्री लागत नाही. पण वेग कमी करायला पुरुषांना लाज वाटते, म्हणून ते गॅरेजात जातात.

कायदा कोणाच्या बाजूने आहे ते बघायला मी एका वकीलबाईंना गाठले. त्या म्हणाल्या, कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे मालकाला दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मी मनातल्या मनात आमच्या स्कूटरचे फेरफार मोजले आणि ह्यांच्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. आणि रस्ता चुकीचा बांधून माणूस मेला किंवा अपंग झाला तर? त्याच दुरुस्तीत तेही आहे, त्या म्हणाल्या, कंत्राटदाराला किंवा जबाबदार खात्याला एक लाखापर्यंत दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही बजावले आहे की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर घरच्यांना सहा लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी.

हे वाचून मला बरे वाटले. पण मग लक्षात आले की भरपाई मागायची तर खड्डा खड्डाच आहे असे आधी कोणीतरी म्हणायला हवे. आणि आमचे लोक ते म्हणत नाहीत. ते शॉकअप कडक करतात. गावातल्या दोनशे माणसांनी दोनशे वेळा गॅरेजात पैसे मोजले, की दोनशे माणसांची तक्रार मिटते आणि खड्डा जागच्या जागी राहतो. उलट पुढच्या वर्षी त्याची पत वाढते. "त्या खड्ड्याक आमची गाडी आयकणा नाय," असे अभिमानाने सांगणारे मी ऐकले आहेत. खड्ड्याविषयी गावाचे एकमत व्हायचे तर निदान तो टोचायला तरी पाहिजे, आणि टोचणारे सगळे मागच्या सीटवर. आमच्या सह्या कोण घेणार? मी घेते आहे. आतापर्यंत ४३ झाल्या, त्यात पुरुषांच्या सहा, आणि सहाच्या सहा जणांना स्लिप डिस्क आहे.

राहता राहिली आमची स्कूटर. भाच्याचा फोन झाल्यावर हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाले, "अगो, चल जरा गॅरेजात." तिथे मिस्त्रींना सगळे समजावून सांगितले, कॅनडातले शास्त्र, पट्टीने मोजणे, सगळे. मिस्त्रींनी ऐकून घेतले, पान थुंकले, पाइपाचा तुकडा काढून टाकला आणि नव्याने बेत मांडला. हे पुढे बसले, मी मागे बसले, पोऱ्याने पट्टी धरली.

"वैनी, तुमचां वजन किती?" मिस्त्रींनी मोठ्याने विचारले.

गॅरेजात तेव्हा सात माणसे होती. सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

मी आकडा सांगितला. मोठ्याने. ह्यांनी चमकून मागे पाहिले, कारण चाळीस वर्षांत त्यांनाही तो कळला नव्हता. पोऱ्याने पट्टीवरचे माप वाचले, मिस्त्रींनी मान हलवली, चिकटलेल्या कड्यावर रॉकेल ओतले, दोनदा हातोडी मारली आणि पान्याने ते तिसऱ्या खाचेतून दुसरीत आणले. "एक खाच कमी केलंय," ते म्हणाले, "आनी दादांनू, तुमी जरा सावकाश."

पैसे घेतले वीस. सह्यांच्या कागदावर ४४ वी सही केली, तेलकट अंगठ्याच्या ठशासकट.